गंगू तेल्याचा डाव

धारेत वास्तव्य करणाऱ्या माणसाला एक म्हण पदोपदी भेटते : 'कहाँ राजा भोज, कहाँ गंगू तेली!' आपण मराठी मंडळी हीच गोष्ट 'कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी' अशा शब्दांत सांगतो. अकराव्या शतकात धारानगरीवर राज्य करणारा परमार कुळातील भोज हा योद्धा, ग्रंथकार आणि विद्वानांचा आश्रयदाता म्हणून सर्वांना ठाऊक आहे. गंगू तेली कोण, याविषयी मात्र तर्कच चालतात. कलचुरी राजा गांगेय याच्या नावाचा तो अपभ्रंश असावा, असे काही अभ्यासक मानतात. दिलावर खानाने १४०५ साली बांधलेल्या लाट मशिदीपाशी जो प्रचंड लोखंडी स्तंभ तीन तुकड्यांत ठेवलेला आहे, त्याचा संबंध लोककथेने एका तेलिणीशी जोडला आहे. कसेही असो, या म्हणीतला भोज व्हावे असे वाटणारे असंख्य झाले असतील. गंगू व्हावे असे वाटणारा कोणी ऐकिवात नाही. एका कष्टकरी व्यवसायाला म्हणीने विनाकारण खालच्या पायरीवर बसवले, हा अन्याय वेगळाच.

आज मी वाचकांपुढे मांडणार आहे तो विषय मात्र हौसेने गंगू होणाऱ्यांचा आहे. ही माणसे आपल्याच घरांत, संगणकापुढे किंवा भ्रमणध्वनी हातात धरून बसलेली असतात, आणि त्यांच्या या निवडीमुळे घरातील वडीलधारी मंडळी कधी कधी चिंतेत पडतात. ती चिंता कितपत खरी, हे पाहण्यासाठी प्रथम हे खेळ काय आहेत ते समजून घेतले पाहिजे.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. काही मित्र मेजाभोवती बसतात. त्यांतील एकजण सूत्रधार होऊन राक्षस, भुयारे, खजिने यांनी भरलेल्या एका काल्पनिक जगाचे वर्णन करीत जातो, आणि बाकीचे प्रत्येकी एकेका पात्राचे सोंग घेऊन त्या जगात वावरतात. यशापयशाचा निवाडा फासे करतात. पात्र घ्यायचे म्हणजे त्याचा पेशा ठरवावा लागतो. मूळ खेळात योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक असे तीनच पेशे होते. पुढे दोनएक वर्षांत चोर आला, शाहीर आला आणि यादी वाढत गेली. इंग्रजीत या पेशाला 'क्लास' म्हणतात. आम्हा शिक्षकांच्या क्लासशी त्याचा घोटाळा नको, म्हणून मी 'पेशा' हाच शब्द वापरीन. पुढे हेच सोंगांचे खेळ संगणकावर आले आणि व्हिडिओ गेमच्या रूपाने जगभर पसरले.

सर्व पेशे सारख्या बळाचे नसतात, ही या खेळांतील मूळ गोष्ट आहे. पहिल्या पायरीवरचा मांत्रिकच पहा. अंगावर चिलखत नाही, हाती केवळ खंजीर, आणि दिवसातून एकदाच मंत्र म्हणण्याची मुभा! तो मंत्र संपला की बिचाऱ्याने योद्ध्याच्या पाठीशी उभे राहायचे. त्याची ताकद दिसू लागते ती पुष्कळ पायऱ्या चढल्यानंतर, आणि तोपर्यंत तो जिवंत राहिला तर. शाहिराची गत याहून चमत्कारिक. तो थोडे लढतो, थोडे मंत्र जाणतो, गाऊन सोबत्यांना धीर देतो. पण कोणत्याही एका कामात पहिला येत नाही. म्हणून अनेक खेळांत शाहिराकडे थट्टेनेच पाहिले गेले.

माझी धाकटी बहीण देवासला राहते. तिचा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीला गेलो असता ती मला म्हणाली, "दादा, तूच समजाव त्याला. खेळतो ते खेळतो, पण तिथेही सगळ्यांत नेभळट माणूस शोधून घेतो. ज्याला खेळातसुद्धा पुढे जावेसे वाटत नाही, त्याचे पुढे व्हायचे कसे?" मी भाच्याला विचारले. त्याचे उत्तर असे : "मामा, तगडं पात्र घेतलं ना, की ते पात्रच खेळतं. मी नुसता बघत बसतो."

हे उत्तर मला विचार करण्यासारखे वाटले, म्हणून त्याच्या शेजारी बसून मी तासभर तो खेळ पाहिला. 'एल्डन रिंग' हा २०२२ साली आलेला जपानी खेळ कठीण म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात आरंभी दहा पेशांपैकी एक निवडायचा असतो. नऊ पेशांची पात्रे पाचव्यापासून दहाव्या पायरीपर्यंत कोठे तरी उभी असतात आणि त्यांना अंगावर घालण्यासाठी व लढण्यासाठी काहीबाही मिळालेले असते. दहावा पेशा अभाग्याचा. तो पहिल्या पायरीवर, जवळजवळ उघडा, हातात एक सोटा घेऊन जगात उतरतो. माझ्या भाच्याने नेमका तोच घेतला होता. भुयारातून बाहेर पडताच सोनेरी चिलखत घातलेला एक अवाढव्य घोडेस्वार फेऱ्या घालताना दिसतो. भाचा त्याच्याकडे गेलाच नाही. झाडांच्या आडोशाने दूरचा वळसा घालून निघाला. पुढे शिपायांची छावणी लागली. तेथे तो तीनदा मारला गेला. चौथ्या खेपेस त्याने झुडपांत दबून पहारेकरी कोठून कोठे फिरतात, कोणाची पाठ केव्हा वळते, हे पाहिले आणि एकेकाला गाठले. हे सारे चालू असताना त्याची एकाग्रता माझ्या शाळेतील कित्येक हुशार मुलांना परीक्षेच्या दालनातही लाभत नाही, असे मला वाटून गेले.

असे खेळणारा तो एकटा नाही. १९८७ साली जपानात 'फायनल फँटसी' नावाचा खेळ निघाला. त्यात सहा पेशांतून चारजणांचा चमू बनवायचा असतो. शहाणा मनुष्य एखाददुसरा योद्धा घेतो, एक संहारक मांत्रिक घेतो आणि जखमा भरून काढण्यासाठी एक शुभ्र वस्त्रांतील वैद्य घेतो. परंतु चारही जागी वैद्यच घेऊन खेळ तडीस नेण्याचा पण करणारे लोक निघाले, आणि ती आता एक परंपराच झाली आहे. वैद्याचा प्रहार दुबळा. त्याचे बहुतेक घातक मंत्र प्रेतयोनीतील शत्रूंवरच चालतात. इतर शत्रूंपुढे चौघांनी एकमेकांना जगवत राहायचे आणि लहानलहान घावांनी समोरच्याला थकवायचे, एवढाच मार्ग उरतो. याच मालिकेतील १९९२ च्या पाचव्या खेळात वीसहून अधिक पेशे आहेत. २००९ पासून दरवर्षी त्यावर एक सामुदायिक उपक्रम चालतो. चिठ्ठी निघेल ते चार पेशे घ्यायचे आणि तेवढ्यांवरच शेवट गाठायचा. शाहीर निघाला तरी तक्रार करायची नाही. हा उपक्रम रुग्णालयांतील मुलांना खेळणी व खेळ पुरविणाऱ्या एका संस्थेसाठी निधीही जमवितो.

या माणसांना जिंकण्याची इच्छा नसते, असे कसे म्हणावे? ज्याला जिंकायचेच नाही तो एवढा खटाटोप कशासाठी करील? आपल्या अंगणातील खेळांत लहानग्याला 'लिंबूटिंबू' म्हणून घेत असत. तो बाद झाला तरी बाद नाही, त्याच्यावर डाव येत नाही. सगळे त्याला सांभाळून घेतात. दुबळा पेशा घेणारा हा लिंबूटिंबू नव्हे. त्याला कोणतीही सवलत नसते. नियम तेच, शत्रू तेच, मरणही तेच. कमी असते ते केवळ त्याच्या पदरातील साधन. लिंबूटिंबूसाठी खेळ सोपा केलेला असतो. याने तो आपल्यासाठी आपण होऊन अवघड केलेला असतो.

मग त्याला मिळते काय? मला जे उमगले ते असे. बलवान पात्र खेळाचा बराचसा भाग खेळणाऱ्यापासून झाकून ठेवते. ज्याची तलवार एका घावात शत्रूला लोळवते, त्याला शत्रूची चाल शिकण्याचे कारण पडत नाही. बाजारातील साध्या औषधाचे, अंधाराचे, उतारावरच्या जागेचे, पळून जाण्याच्या वेळेचे मोल त्याला कळत नाही. खेळ रचणाऱ्याने हजार बारकावे मांडून ठेवलेले असतात; त्यांतील नऊशे तो न पाहताच पुढे निघून जातो. दुबळ्याला मात्र प्रत्येक बारकाव्याची गरज पडते. मोटारीने इंदूरहून देवासला जाणाऱ्यास रस्ता आठवत नाही. तोच रस्ता सायकलने काटणाऱ्यास त्यातला प्रत्येक चढ पायांनी पाठ होतो. तसेच हे आहे.

आपल्याला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. महाभारतात युद्धापूर्वी अर्जुन आणि दुर्योधन दोघेही द्वारकेला जातात. एका बाजूला नारायणी सेना, दुसऱ्या बाजूला निःशस्त्र, न लढणारा श्रीकृष्ण. अर्जुन निःशस्त्राला निवडतो आणि दुर्योधन सेना मिळाली म्हणून हर्षभरित होतो. बळ मोजण्याची दुर्योधनाची रीत आकड्यांची होती. त्याआधी विराटाच्या घरी पांडवांनी घेतलेली सोंगे आठवा. गदाधारी भीम बल्लव नावाने स्वयंपाकी झाला, सम्राट युधिष्ठिर कंक होऊन राजाला द्यूतात रमवू लागला, आणि गांडीवधारी अर्जुनाने बृहन्नडा होऊन राजकन्येला नृत्य शिकवले. वर्षभर त्यांनी ते हलके पेशे असे निभावले की कौरवांचे हेर हात हलवीत परतले. अर्जुनाला नृत्य येत होते म्हणून ते सोंग टिकले. सोंग निभवायलाही विद्या लागते.

आता या विषयाची दुसरी बाजू. एकटा खेळत असेल तर मनुष्याने कोणतेही ओझे घ्यावे. पण सोबती असतील तर त्याच्या हौसेची किंमत इतरांनी का मोजावी? हा प्रश्न रास्त आहे. पाचजण मिळून किल्ल्यात शिरले आणि एकाने मुद्दाम कुचकामी पात्र आणले, तर चौघांचा वेळ वाया जातो. माझ्या भाच्यालाही हे मान्य आहे. मित्रांसोबत असताना तो त्यांना विचारून पेशा घेतो. परंतु दुबळा आणि नावडता हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत. '२००४' साली सुरू झालेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या विख्यात खेळात पाचजणांच्या चमूत एकजण शत्रूचे घाव अंगावर घेणारा, एकजण सर्वांच्या जखमा भरणारा आणि तिघे प्रहार करणारे, अशी कामाची वाटणी असते. प्रहार करण्यास सगळे उत्सुक. घाव अंगावर घेणारा आणि जखमा भरणारा यांच्याविना मोहीम निघतच नाही, तरी त्यांची वाण पडे आणि प्रहार करणाऱ्यांना ताटकळत बसावे लागे. अखेर २०११ साली खेळ चालविणाऱ्या कंपनीने, ज्या कामाला माणसे कमी पडतील ते पत्करणाऱ्यास जादा बक्षीस देण्याची व्यवस्था केली. आपल्या गणेशोत्सवाचा अनुभव असलेल्या वाचकांना हे नवीन वाटू नये. नाटकात राजा व्हायला दहाजण येतात. पडदा ओढायला आणि सतरंज्या घालायला कोणी सापडत नाही.

याच संदर्भात एका शाहिराची कथा सांगितली पाहिजे. 'फायनल फँटसी' मालिकेतील १९९१ च्या चौथ्या खेळात एडवर्ड नावाचा एक राजपुत्र आहे. तो वीणेसारखे वाद्य वाजवितो, लढाईत फारच कच्चा आहे, आणि जखमी झाला की रणांगणातून बाजूला जाऊन लपतो. खेळणाऱ्यांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. पुढे तो आजारी होऊन अंथरुणाला खिळतो. त्याचे सोबती एका गुहेत जातात. तेथील चुंबकीय शक्तीमुळे लोखंडी शस्त्रे चालवता येत नाहीत. सारे योद्धे हतबल होतात. अशा वेळी या आजाऱ्याने दिलेल्या एका वनस्पतीतून, दूर अंथरुणाजवळ वाजवलेल्या त्याच्या वाद्याचे सूर गुहेत पोहोचतात आणि शत्रूची ती शक्ती मोडते. जेथे तलवार निरुपयोगी ठरली तेथे गाणे कामी आले.

ही कथा ऐकताना देवासच्या माणसाला कुमार गंधर्वांची आठवण होणे अपरिहार्य आहे. बालपणीच गवई म्हणून गाजलेले कुमारजी क्षयाने ग्रासले गेले आणि १९४८ च्या जानेवारीत कोरड्या हवेसाठी देवासला आले. काही वर्षे गाणे संपूर्ण बंद. त्या काळात पडल्या पडल्या कानांवर आलेली माळव्याची लोकगीते त्यांनी टिपली. ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा एक फुफ्फुस निकामी झालेले होते. दीर्घ श्वासाची लांबलचक तान हा गवयाचा राजमार्ग. तो त्यांच्यासाठी पूर्वीसारखा मोकळा नव्हता. त्यांनी लहान लहान, वेगवान स्वराकृतींतून आपली गायकी नव्याने उभारली आणि लोकधुनांतून नवे राग बांधले. १९९२ साली त्यांनी देवासलाच देह ठेवला. 'भानुकुल'वरून जाताना आजही आपली पावले मंदावतात.

पण येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, नाही तर मोठा गैरसमज होईल. कुमारजींनी आजार निवडला नव्हता. खेळातील दुर्बलता ही हौसेने घेतलेली असते. कंटाळा आला की ती टाकून उद्या योद्धा होता येते. मी सरकारी शाळेत नोकरी करतो. माझ्या शाळेत येणाऱ्या मुलांपैकी कित्येकांना घरी अभ्यासाला स्वतंत्र दिवा नाही, शिकवणी नाही, आई-वडील मजुरीला जातात. त्यांना पहिल्या पायरीवर सोटा देऊन कोणी उभे केले, तर ती त्यांची निवड नव्हे. 'अडचणीतूनच माणूस घडतो' असे त्यांना ऐकवून आपण हात झटकणे हा निव्वळ निष्ठुरपणा होईल. त्यांना चिलखत द्यायचे असते, पुस्तके द्यायची असतात; आणि तरीही त्यांनी आपल्या बुद्धीने जे मिळवले त्याचे श्रेय त्यांनाच द्यायचे असते. हौसेने दुबळा झालेल्या मुलाला या खेळातून एवढे जरी जाणवले, की कमी साधनांनिशी तेवढेच अंतर कापणाऱ्याचे श्रम दुप्पट असतात, तरी त्या तासांचे काही सार्थक झाले असे मी म्हणेन.

पालकांच्या दृष्टीने आणखी एक लाभ मला दिसतो. आज भ्रमणध्वनीवरील पुष्कळ खेळ फुकट मिळतात आणि आत शिरल्यावर बळ विकतात. शंभर रुपयांची तलवार, पाचशेचे चिलखत, आज रात्रीपर्यंतच सवलत! मुलाला आपण मागे पडलो असे वाटत ठेवणे, हाच त्या दुकानाचा धंदा. ज्याने मागे राहणे स्वतःहून पत्करले आहे, त्याला हे दुकान काय विकणार? वेळेचा अतिरेक हा मात्र निराळा दोष आहे, आणि पात्र सबळ असो वा दुर्बळ, तो लागतोच. त्यावर घरातील शिस्त हाच उपाय.

बहिणीला मी एवढेच सांगितले, की मुलगा मागे राहण्यासाठी खेळत नाही. त्याच्या निवडीवरून त्याच्या महत्त्वाकांक्षेचे माप काढू नकोस. तिला ते पूर्ण पटले असे नाही. "खेळात ठीक आहे रे," ती म्हणाली, "पण नोकरीच्या मुलाखतीत असला हिशेब चालत नाही." तिचे म्हणणे मी खोडून काढू शकलो नाही. जगात आकडा पाहिला जातो. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी घेऊन एम. ए. झालेल्या माणसाला हे कोणी शिकवायला नको. ज्या विषयाला विद्यार्थी थोडे आणि जागा त्याहून थोड्या, तो पेशा मीही तरुणपणी जाणूनबुजून घेतला होता. त्याने मला पैसा फारसा दिला नाही. जे दिले ते तीस वर्षे वर्गात वाटत आलो आहे.

म्हणून वाचकांना माझी एकच सूचना आहे. आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी असा एखादा खेळ खेळत असेल, तर 'किती गुण झाले?' हा प्रश्न एक दिवस बाजूला ठेवावा. 'तू कोण झाला आहेस, आणि तेच का?' असे विचारावे, आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नये. मूल योद्धा झाले असेल तरी हरकत नाही, योद्धेही लागतातच. पण ते वैद्य, शाहीर किंवा अभागी झाले असेल, तर त्या उत्तरात ऐकण्यासारखे काही तरी सापडेल, असा माझा अनुभव आहे.